हत्तीसाठी केवढी बंदूक लागते?

नामिबियातल्या शिकारीच्या नियमांत तीन आकडे आहेत. स्प्रिंगबकसारखं लहान हरीण मारायचं असेल, तर नळीतून बाहेर पडणाऱ्या गोळीत निदान १,३५० ज्यूल ऊर्जा पाहिजे. कुडू, ओरिक्स, एलंड अशा थोराड जनावरांसाठी २,७०० ज्यूल. आणि रानरेडा, गेंडा, हत्ती यांच्यासाठी ५,४००. प्रत्येक पायरीला बरोबर दुप्पट. सरकारी नियम इतका सुबक क्वचितच असतो.

या नियमाखाली वॉल्टर बेल नावाच्या स्कॉटिश माणसाला हत्तीसमोर रायफल खांद्याला लावताच आली नसती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युगांडाच्या ईशान्येकडच्या करामोजा भागात तो हस्तिदंतासाठी भटकत होता. ‘करामोजो बेल’ हे नाव त्याला तिथूनच चिकटलं. त्याने आयुष्यात हजाराहून जास्त हत्ती मारले. यात कौतुक करावं असं मला काही दिसत नाही. पण त्यातले बहुतेक त्याने ज्या रायफलने मारले, ती .२७५ रिग्बी होती, म्हणजे सात मिलिमीटरची माउझर. तिची गोळी जेमतेम अकरा ग्रॅमची आणि ऊर्जा सुमारे २,७०० ज्यूल. आजच्या नामिबियात ती कुडूच्या पायरीवर कशीबशी उभी राहील. पाच-सहा टनांचा नर हत्ती मात्र तिच्यापुढे उभ्या जागी गुडघे टेकत होता.

मग आफ्रिकेला जाणारे शिकारी खांदा मोडेल असल्या रायफली कशाला नेत होते, आणि आजही कशाला नेतात? बेल खरा की नियम खरा? मला शिकारीचं वेड नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने तो विषय संपलाही आहे. आफ्रिकेतल्या शिकारीचं समर्थन करावं की नाही, हा वेगळा आणि मोठा वाद आहे. पण अकरा ग्रॅम धातू पाच टनांच्या जनावराचं काय करतो आणि काय करू शकत नाही, हे उलगडायला लागलं की सुटता सुटत नाही.

आधी त्या अवाढव्य बंदुका पाहू. ‘बारा बोअर’ हा शब्द आपल्या गावागावांत माहीत आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. आकडा जितका लहान, तितकी नळी रुंद. आठ बोअर त्याहून जाड, चार बोअर त्याहूनही. चार बोअरची गोळी म्हणजे पाव पौंड शिसं, ११३ ग्रॅम, आणि तिचा व्यास पावणेतीन सेंटीमीटरच्या जवळ. १८७१ साली एकोणीस वर्षांचा फ्रेडरिक सेलूस दक्षिण आफ्रिकेत उतरला आणि थोड्याच दिवसांत अशा दोन ठासणीच्या बंदुका घेऊन हत्तींच्या मागे लागला. बर्मिंगहॅमच्या बनावटीच्या या साध्या, स्वस्त बंदुका खरं तर बदकं मारायच्या. दारू मोजण्याची भानगड नाही. कमरेच्या कातडी पिशवीत हात घालायचा, मूठभर दारू नळीत ओतायची, वर चार औंसांचा गोळा. एकदा बार उडालाच नाही. गडबडीत नोकराने त्याच नळीत पुन्हा दारू आणि गोळी ठासली. पुढच्या वेळी चाप ओढल्यावर बंदुकीने सेलूसला उचलून मागे भिरकावलं. या बंदुकांनी आपल्या मज्जातंतूंची वाट लावली, नंतर चांगल्या रायफली हाती आल्यावरही नेमात तो थरकाप उरला, असं त्याने पुढे लिहून ठेवलं आहे.

त्याच्या दहा वर्षं आधी नाईलच्या उगमाकडे निघालेल्या सॅम्युएल बेकरकडे ‘बेबी’ नावाची दोन बोअरची रायफल होती. वजन नऊ-दहा किलो, आणि ती उडवायची अर्ध्या पौंडाचा गोळा. हत्तीपेक्षा बेकरलाच तिची धास्ती जास्त होती, म्हणून ती फार क्वचित झाडली जाई.

हा वेडेपणा नव्हता, नाइलाज होता. काळी दारू जळते तिच्या ठरलेल्या गतीने. नळीत कितीही कोंबली तरी गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे जात नाही, नुसता धूर वाढतो. वेग हातात नसेल तर वाढवायचं काय? वजन. आणि वजन वाढवायचं तर गोळी जाड करावी लागते. त्यातून शिसं मऊ. हत्तीच्या कवटीवर आपटलं की ते चपटं होतं आणि तिथेच अडकतं. या कोंडीतून वाट काढायला त्या काळचे डोकेबाज लोक झगडत होते. सातपुड्याच्या जंगलांवर पुढे गाजलेलं पुस्तक लिहिणाऱ्या जेम्स फोर्सिथने १८६३ मध्ये शिकारी रायफल आणि तिची गोळी यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. नळीतले आटे सावकाश वळणारे ठेवा, म्हणजे गोल गोळीमागे जास्त दारू लावता येईल, हे त्याचं सांगणं. बंदूकवाले ही शक्कल पुढे अनेक वर्षं वापरत राहिले.

कोंडी फुटली ती प्रयोगशाळेत. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू बनवली. पाठोपाठ इंग्रजांचं कॉर्डाइट आलं. १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बी कंपनीने कॉर्डाइट भरलेलं .४५० नायट्रो एक्स्प्रेस काडतूस बाजारात आणलं. ३१ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला साधारण ६५० मीटर. ‘एक्स्प्रेस’ हे नाव त्याआधीचं. १८५६ मध्ये पर्डी या बंदूकवाल्याने आपल्या वेगवान रायफलीला आगगाडीवरून ते दिलं होतं. आता गोळी सेलूसच्या गोळ्याच्या पावपटीहून थोडी जास्त वजनाची, पण वेग कितीतरी अधिक. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे हिशेबच पालटला. शिवाय गोळीला पोलादी आवरण चढलं. आता ती चपटी न होता आरपार जाऊ लागली. पाव पौंडाचे गोळे एका पिढीत भिंतीवरच्या शोभेच्या वस्तू झाले.

यापुढची गोष्ट भारतात घडते, आणि मला ती या सगळ्या इतिहासात सर्वांत गमतीची वाटते. ब्रिटिश फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल .४५० बोअरची. अशा कितीतरी रायफली चोरट्या वाटांनी नको त्या हातांत गेलेल्या. शिकाऱ्यांसाठी येणाऱ्या .४५० च्या गोळ्या उद्या त्यांतून आपल्यावरच झाडल्या गेल्या तर, या भीतीने १९०७ च्या सुमारास सरकारने भारतात आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या रायफली आणि दारूगोळ्यावर बंदी घातली. लंडनच्या बंदूकवाल्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे हिंदुस्थानातले संस्थानिक आणि साहेब. ते हातचं जाऊ द्यायला कोण तयार होणार? मग प्रत्येकाने .४५० च्या अगदी शेजारचा, पण कायद्यात न बसणारा आकडा धरला. हॉलंड अँड हॉलंडची .४६५, लँगची .४७०, जेफ्रीची .४७५, वेस्टली रिचर्ड्‌सची .४७६. जनावराच्या दृष्टीने यांच्यात काडीचा फरक नाही. त्यातली .४७० पुढे आफ्रिकेतल्या दुनळी रायफलींची राणी ठरली. आज बोट्स्वानात रानरेड्यामागे जाणारा मार्गदर्शक खांद्यावर .४७० टाकतो, तेव्हा भारतातल्या एका सरकारी धास्तीचं ओझं वाहत असतो.

हीच धास्ती आपल्याकडे नंतरही टिकली. लष्कराचं .३०३ काडतूस सामान्य माणसाला मिळू नये म्हणून ईशापूरच्या कारखान्यात नागरी परवान्यासाठी .३१५ ची रायफल बनत आली. गोळीबाराच्या प्रकरणांत पोलिसांच्या पंचनाम्यात ‘८ एमएम केएफ’ अशी खूण असलेल्या पुंगळ्यांचा उल्लेख येतो. त्या याच बोअरच्या काडतुसांच्या, आणि केएफ म्हणजे पुण्याजवळची खडकी.

आकड्यांचा आणखी एक घोळ इथेच मिटवून टाकू. .४७० च्या गोळीचा व्यास असतो ०.४७५ इंचाच्या आसपास, .४५० चा ०.४५८ आणि .२७५ रिग्बीचा ०.२८४. रायफलच्या नळीत आत मळसूत्री खाचा असतात. कोणी खाचेच्या तळापासून तळापर्यंत मोजतं, कोणी उंचवट्यापासून उंचवट्यापर्यंत, आणि कोणी विकायला बरा दिसेल तो आकडा छापतं. थोडक्यात, नावावरून गोळीची जाडी काढायला जाऊ नये.

आता जरा गणित. गोळी मांसात, हाडात किती खोल शिरेल हे बऱ्याच अंशी एका गुणोत्तरावर ठरतं: गोळीचं वजन भागिले तिच्या समोरच्या तोंडाचं क्षेत्रफळ. म्हणजे तोंडाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरमागे किती ग्रॅम धातू रेटा देतो. सेलूसच्या चार बोअरच्या गोळ्याचा हिशेब करा: सुमारे २० ग्रॅम. मग १९१२ मध्ये आलेल्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडची गोळी घ्या: २७ ग्रॅम. .४७० ची: २८. .६०० नायट्रो एक्स्प्रेस ही तर अंगठ्याएवढ्या जाड, ५८ ग्रॅमच्या गोळीची राक्षसीण, तिचे ३०. आणि बेलच्या त्या सडपातळ .२७५ ची? २७.

मी हे कागदावर पुन्हा पुन्हा करून पाहिलं. अकरा ग्रॅमची गोळी आणि बत्तीस ग्रॅमची गोळी, दोघींच्या तोंडावरचा भार जवळजवळ सारखा. एक बारीक, दुसरी जाड, पण लांबी दोघींची जवळपास सारखीच. वेगही साधारण सारखाच, सेकंदाला ६५० ते ७०० मीटर. पोलादी आवरणाची, बोथट गोल नाकाची गोळी असेल तर दोघी हत्तीच्या डोक्यात जवळपास तितक्याच खोल जाणार. बेलचा चमत्कार इथे अर्धा उलगडतो.

उरलेला अर्धा करवतीने उलगडला. बेलने हत्तीची कवटी करवतीने उभी कापून आतली रचना नीट पाहिली. हत्तीचं डोकं एवढं प्रचंड दिसतं, पण त्यातलं बहुतेक हाड मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोकळ कप्प्यांचं असतं. ही रचना हलकी आणि मजबूत. तिच्यावर सुळ्यांचं आणि सोंडेचं ओझं तोललं जातं. मेंदू त्यामानाने लहान, चार-पाच किलोंचा, आणि अनोळखी माणूस जिथे शोधेल तिथे तो नसतो. कपाळामागे नसतो, मागे आणि खाली असतो, दोन्ही कानांच्या भोकांच्या मध्ये. त्या दोन भोकांतून एक आडवी सळई गेली आहे अशी कल्पना करायची. हत्ती कुठल्याही कोनात उभा असो, मान वर असो की खाली, नेम त्या सळईच्या मधोमध. बेल हे इतकं घोकून होता की तिरप्या मागच्या बाजूनेसुद्धा तो मेंदू गाठायचा, आणि त्या कोनाला आजही त्याचं नाव आहे. मेंदूत गेलेली गोळी सात मिलिमीटरची की बारा, याने हत्तीला फरक पडत नाही.

आणि मेंदू दोन इंचांनी चुकला तर? तिथे बेलचं गणित संपतं आणि जॉन टेलरचं सुरू होतं. ‘पोंडोरो’ टेलर हा आयरिश माणूस, मुक्काम मुख्यतः मोझांबिकमध्ये. बेल परवान्याने शिकार करी. टेलर बराच काळ परवान्याविना, पण डोळस अनुभवाने. त्याने १९४८ मध्ये आफ्रिकेच्या रायफली आणि काडतुसांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात एक स्वतःचा आकडा काढला: गोळीचं वजन गुणिले वेग गुणिले जाडी. ऊर्जेच्या सूत्रात जाडी येत नाही, इथे मुद्दाम घातलेली. त्याचं म्हणणं असं की मेंदू हुकला तरी जाड गोळी कवटीला इतका हादरा देते की हत्ती क्षणभर तरी बेशुद्ध पडतो, आणि दुसरी गोळी नीट मारायला वेळ मिळतो. बारीक गोळी हुकली की हत्तीला फक्त राग येतो. टेलरच्या मापाने .४७० ला सत्तरीच्या पुढे गुण मिळतात, बेलच्या .२७५ ला सोळा-सतरा.

टेलरच्या सूत्राला भौतिकशास्त्रात भक्कम पाया नाही. ‘नॉक-आउट’ हे नाव तर साफ दिशाभूल करणारं. .४७० ची गोळी ७०० किलोच्या रानरेड्यात घुसून थांबली, तर त्या सगळ्या धडाला मिळणारा वेग निघतो सेकंदाला तीन सेंटीमीटर. गोगलगायीला हरवेल, मुंगी बहुधा त्याला मागे टाकेल. चित्रपटात गोळी लागून माणसं मागे उडतात ते निव्वळ खोटं. गोळी जितक्या जोराने जनावराला ढकलते, तितक्याच, किंबहुना थोड्या जास्त जोराने बंदूक झाडणाऱ्याला ढकलते, आणि झाडणारा काही उडून पडत नाही. तरीही पन्नास-साठ वर्षं हत्तींच्या जवळ वावरलेल्या माणसांचा अनुभव टेलरच्याच बाजूने पडतो. हाडाला जाड गोळीचा हादरा वेगळा बसतो, जखमेची वाट रुंद होते, रक्त लवकर जातं. म्हणून कायदा बेलसाठी लिहिलेला नाही. तो घाबरलेल्या, दमलेल्या, पहिल्यांदाच हत्तीसमोर उभ्या राहिलेल्या पाहुण्यासाठी लिहिलेला आहे.

गोळीच्या पोटात काय आहे, हा बोअरपेक्षा महत्त्वाचा प्रश्न. आफ्रिकेत दोनच जाती मुख्य: सॉलिड आणि सॉफ्ट. सॉलिड म्हणजे जिचा आकार बदलतच नाही अशी. पूर्वी शिशावर जाड पोलादी कवच, हल्ली बहुधा अख्खी पितळेची. ती हत्तीसाठी. सॉफ्टचं टोक उघडं असतं. ती मांसात शिरताच फुलते, दुप्पट रुंद होते आणि आतच थांबते. ती हरणासाठी, सिंहासाठी, बिबट्यासाठी. सॉलिड हरणातून आरपार जाऊन मागच्या दुसऱ्या हरणाला जखमी करेल. सॉफ्ट हत्तीच्या कवटीवर फुलून वरच्यावर अडकेल. रानरेड्यासाठी पुष्कळ जण पहिली सॉफ्ट आणि मागच्या सगळ्या सॉलिड भरतात, कारण पहिल्या गोळीला तो बाजू देऊन उभा असतो आणि नंतर पळताना पाठ दाखवतो. तेव्हा गोळीला पोटातल्या मणभर गवतातून पार होऊन छातीपर्यंत जावं लागतं.

फुलणाऱ्या गोळीचं युद्धातलं नाव कोलकात्याजवळच्या डमडमचं आहे. तिथल्या शस्त्रागारात १८९६-९७ च्या सुमारास कॅप्टन बर्टी-क्ले याने .३०३ च्या गोळीचं टोक उघडं ठेवलं. सरहद्दीवरच्या लढायांत पूर्ण आवरणाची गोळी शत्रूच्या अंगातून सरळ निघून जाते आणि तो चालतच राहतो, अशी फौजेची तक्रार होती. १८९९ च्या हेग परिषदेत असल्या गोळ्या युद्धात क्रूर ठरवून त्यांवर बंदी आली. शिकारीत मात्र न्याय उलटा आहे: हरणावर न फुलणारी गोळी झाडणं ही क्रूरता, कारण जनावर जखमी होऊन दिवसभर भटकतं. तीच रचना, तेच अंतर, आणि नीती नेमकी विरुद्ध. यावर मी बराच वेळ अडखळलो आणि मला अजूनही दोन्ही बाजू पटतात.

फुलणारी गोळी फार फुलली तरी फसते. १९४६ मध्ये कॅनडात जॉन नोस्लर नावाच्या अमेरिकनाने चिखलाने माखलेल्या एका मूसवर अनेक गोळ्या झाडल्या आणि त्या कातडीपाशीच फुटून विखुरल्या. घरी येऊन त्याने गोळीच्या मध्यात तांब्याची आडवी भिंत घातली: पुढचं शिसं फुलू दे, मागचं शाबूत राहू दे. ‘पार्टिशन’ नावाची ती गोळी आजही विकली जाते. तिच्यामुळे .३०-०६ सारखी साधी रायफल कुडू, झेब्रा, वाइल्डबीस्टपर्यंत भरवशाची झाली.

बंदुकीच्या यंत्राबद्दल दोन पंथ आहेत. एक दुनळीवाला. दुनळी रायफल म्हणजे एकाच दस्त्यावर जवळजवळ दोन स्वतंत्र रायफली. दोन नळ्या, दोन चाप, दोन कळा. एक बिघडली तरी दुसरी उडते, आणि पहिल्या बारानंतर दुसऱ्यासाठी हात हलवावा लागत नाही. तिच्या किमतीचं रहस्य नळ्या जुळवण्यात आहे. दोन नळ्या दिसतात समांतर, पण पुढे किंचित एकमेकींकडे झुकवलेल्या असतात, कारण उजवी झाडली की बंदूक उजवीकडे वर उसळते, डावी झाडली की डावीकडे. या उसळीचा हिशेब धरून दोघींच्या गोळ्या पन्नास-साठ यार्डांवर एकाच ठिकाणी पडाव्यात म्हणून कारागीर झाडतो, नळ्यांमधली पाचर सरकवतो, पुन्हा डाख लावतो, पुन्हा झाडतो. हे जुळणं एकाच वजनाच्या गोळीसाठी आणि एकाच वेगासाठी असतं. कॉर्डाइट उन्हाने तापलं की दाब वाढायचा, वेग बदलायचा, आणि लंडनच्या थंडीत जुळवलेल्या नळ्या सुदानच्या उन्हात एकमेकींशी भांडायच्या. म्हणून उष्ण देशांसाठी दारू किंचित कमी भरलेली काडतुसं वेगळी मिळत.

दुसरा पंथ माउझरवाला. १८९८ च्या जर्मन माउझरच्या बोल्टला एक लांब पोलादी नखी आहे. पेटीतून काडतूस वर येताक्षणी ती त्याची कड पकडते आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. पडून, उलटं लटकून, धापा टाकत बोल्ट मागेपुढे केला तरी काडतूस निसटत नाही. रानरेडा वीस पावलांवर असताना याची किंमत कळते. दुनळी न परवडणाऱ्या शेतकऱ्यांसाठी बर्लिनच्या ओटो बॉकने १९०५ मध्ये याच माउझरमध्ये बसेल असं ९.३ मिलिमीटरचं काडतूस काढलं. रिग्बीने १९११ मध्ये .४१६ काढलं तेही माउझरसाठीच. बेलही माउझरवालाच. आणि आपल्या ओळखीचे जिम कॉर्बेटही: चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये त्यांना मिळालेली रायफल हीच .२७५ रिग्बी. १९४७ नंतर कॉर्बेट केनियात जाऊन राहिले, तेव्हा त्यांच्या भोवती बेल आणि टेलरची आफ्रिका होती.

तर आज निघालेल्या माणसाने काय न्यावं? उत्तर कंटाळवाणं वाटेल इतकं एकमुखी आहे: .३७५ हॉलंड अँड हॉलंड. एकोणीस ग्रॅमची गोळी, सेकंदाला साडेसातशे मीटरपेक्षा थोडा जास्त वेग, ऊर्जा साधारण ५,६०० ज्यूल. झिंबाब्वेचा नियम हत्ती, रानरेडा, पाणघोड्यासाठी ९.२ मिलिमीटर आणि ५,३०० ज्यूल मागतो, नामिबिया ५,४००. .३७५ दोन्ही रेषांच्या किंचित वर बसते. हा निव्वळ योगायोग नसावा. नियम लिहिणाऱ्यांच्या समोर बहुधा हीच रायफल असावी. गंमत अशी की तिची गोळी दोनशे मीटरपर्यंत .३०-०६ सारखीच उतरते, त्यामुळे दुर्बीण लावून इम्पालावरही चालते. अनुभवी लोक जोडीला एक हलकी रायफल सुचवतात, .३०-०६ किंवा सात मिलिमीटरची. कारण सफारीत बहुतेक दिवस रानरेड्याचे नसतात, झेब्रा आणि कुडूचे असतात.

चाळीशीच्या पुढचे बोअर मोहात पाडतात. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये सफारीला निघाले तेव्हा इंग्रज चाहत्यांनी त्यांना हॉलंडची थोरली दुनळी भेट दिली होती. सिंहांसाठी मात्र त्यांनी विंचेस्टर .४०५ वापरली. १९५६ मध्ये विंचेस्टरने सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी .४५८ मॅग्नम काढली. पण तिच्या आखूड पुंगळीत दारू इतकी ठासावी लागे की काळाने तिचे गोळे होत, वेग घसरे, आणि कधी कधी गोळी रानरेड्याला पुरी पडत नसे. १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये रानरेड्याने जॅक लॉटला तुडवलं. तो वाचला, आणि पुढे त्याने लांब पुंगळीची .४५८ लॉट बनवली. आजचं .४५८ काडतूस सुधारलेलं आहे, पण जुना माल हाती आला तर शंका घ्यावी.

या सगळ्यात एक गोष्ट आकड्यांत लिहिली जात नाही. चार किलोची .३७५ झाडली की ती ताशी अठरा किलोमीटर वेगाने खांद्यावर येते. .४५८ किंवा .४७० त्याहून बरीच जोरात. दोन-तीन बारांनंतर माणसाचं शरीर शहाणं होतं: चाप ओढण्याच्या आधीच डोळे मिटतात, खांदा मागे सरकतो, आणि गोळी हातभर बाजूला जाते. ही खोड लागली की महिनोन्‌महिने जात नाही. सेलूसला आयुष्यभर नडली ती हीच. म्हणून जाणते मार्गदर्शक पाहुण्याला विचारतात की घरी तिपाईच्या काठ्यांवर रायफल टेकवून किती बार काढलेत. आफ्रिकेच्या गवतात झोपून नेम धरता येत नाही, तीन काठ्यांच्या खाचेत नळी ठेवून उभ्यानेच झाडावं लागतं. बसून, वाळूच्या पोत्यावर टेकवून शंभर मीटरवर एक रुपया फोडणारा माणूस काठ्यांवर ताटसुद्धा चुकवतो.

परदेशातून रायफल न्यायची तर कागदपत्रं आलीच. दक्षिण आफ्रिकेत तात्पुरत्या परवान्यासाठी पोलिसांचा ५२० नंबरचा अर्ज असतो, आणि विमान कंपन्या साधारणपणे पाच किलोच काडतुसं नेऊ देतात. म्हणून हल्ली कितीतरी पाहुणे रायफल घरीच ठेवून तिथेच भाड्याने घेतात. भाड्याची रायफल घेताना बोअर विचारायला कोणी विसरत नाही. त्याच्या जोडीला दोन प्रश्न विचारावेत: पेटीत कोणत्या गोळ्या आहेत, आणि रायफल नेमकी त्याच गोळ्यांवर जुळवलेली आहे का. आणि पहिल्या सकाळी जीपमध्ये बसण्याआधी पुठ्ठ्याच्या चौकोनावर तीन बार काढून बघावेत. चांगला मार्गदर्शक ते न सांगता करायला लावतो, आणि त्या तीन भोकांकडे बघून ठरवतो की या पाहुण्याला रानरेड्याच्या किती जवळ न्यायचं.